भिंतीला भोक पाडायचे कोणी?



वेतन आयोग, पेन्शन, रिक्त जागा, खाजगीकरण या विषयांवर या पानांतून आपण पुष्कळ वाचता. ते विषय मोठे आहेत आणि त्यांची लढाई चालूच आहे. आज मी मात्र एका चार इंची भोकाविषयी लिहिणार आहे. आपल्या सरकारी क्वार्टरच्या न्हाणीघराच्या भिंतीत जे भोक असायला हवे आणि नसते, त्या भोकाविषयी. काही मित्रांनी मला अगोदरच टोमणा मारला, "सेक्रेटरीसाहेब, आता युनियनने अंघोळीच्या पाण्यावर लेख लिहायचे काय?" होय, लिहायचे! कारण दर हिवाळ्यात या देशात धडधाकट माणसे अंघोळीला म्हणून आत जातात, दाराला कडी लावतात आणि त्यांना दार फोडून बाहेर काढावे लागते. २०२० च्या जानेवारीत मुंबईत बोरिवलीला एक शाळकरी मुलगी गॅस गिझरच्या धुराने अशीच गेली. पुणे म्हणा, नाशिक म्हणा, थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात अशा चार ओळी छापून येतात. आपण हळहळतो, पान उलटतो आणि टॉवेल खांद्यावर टाकून त्याच गिझरखाली जाऊन उभे राहतो.

रायपूरला कसली आली थंडी, असे भुसावळ-दौंडकडचे साथी म्हणतील. आमचा उन्हाळा साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो, आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी अंगावर घेववत नाही. त्यात आपली ड्युटी. लोको पायलट रात्री तीनला गाडी सोडून घरी येतो. ट्रॅकमन पहाटेपर्यंत रूळ चालून येतो. आर.एम.एस.चा सॉर्टर रात्रभर थैल्या उपसून येतो. या माणसांना गरम पाणी ही चैन नव्हे. म्हणून गेल्या काही वर्षांत आपल्या वसाहतींतून घरोघर गॅसचा छोटा गिझर आला. नळ सोडला की भप्पकन पेटतो आणि दोन मिनिटांत कढत पाणी. वस्तू सोयीची, किंमत आवाक्यातली, दुकानदार म्हणतो, "आजच बसवून देतो." बसवणारा पोरगा येतो, दोन खिळे ठोकतो, रबरी नळी जोडतो आणि गिझर थेट न्हाणीघरात टांगून जातो. धूर कुठे जाणार, हे तो विचारत नाही. आपणही विचारत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी हा प्रश्न विचारला होता. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत, किंवा नागपूरकडून रेल्वेबरोबर इकडे आलेल्या कुटुंबांच्या परसात, तांब्याचा बंब असे. त्याची बांधणी आठवा. पोटातून मधोमध वर गेलेली नळी, खाली जाळी, जाळीवर कोळसा नाहीतर लाकडाच्या ढलप्या. हवा खालच्या जाळीतून शिरायची आणि धूर मधल्या नळीतून वर जायचा. एक वाट हवेला, एक वाट धुराला. तो घडवणाऱ्या तांबटाने कोणती डिग्री घेतली नव्हती, पण विस्तवाला दोन दारे लागतात हे त्याला पक्के माहीत होते. आणि एवढी सोय असूनही बंब कोणी बंद खोलीत पेटवत नसे. तो अंगणात किंवा पडवीत, आणि अंघोळ करणारा बादली भरून आत. आज आपण बंबाला मागासलेला म्हणून मोडीत काढला आणि त्याच्या जागी जे आणले, त्याला धुराची नळीच नाही!

रेल्वेच्या माणसाला तर हे वेगळे शिकवायला नको. वाफेच्या इंजिनावर काम केलेली पिढी आता निवृत्त झाली, पण त्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. ॲशपॅनच्या डॅम्परमधून हवा आत यायची, आणि ब्लास्ट पाइपच्या जोरावर चिमणीतून धूर ओढला जायचा. डॅम्पर नीट उघडला नाही तर आग धरत नसे. चिमणीचा ओढा कमी पडला तर धूर उलटून फायरमनच्या तोंडावर येई. बोगद्यात गाडी रेंगाळली तर इंजिनावरची माणसे ओले फडके तोंडाला लावत. इटलीत १९४४ च्या मार्च महिन्यात, २ तारखेच्या रात्री, बाल्व्हानो गावाजवळच्या बोगद्यात एक मालगाडी चढावर अडकली. दोन वाफेची इंजिने होती, युद्धकाळातला हलका कोळसा होता आणि गाडीत दाटीवाटीने बसलेले गोरगरीब लोक होते. ना टक्कर झाली, ना डबा घसरला, ना आग लागली. पाचशेहून अधिक माणसे बसल्या जागी गेली. बोगद्यात कोंडलेल्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने ती मेली. तो बोगदा किलोमीटरहून अधिक लांब होता. आपले न्हाणीघर सहा फुटांचे आहे.

आता थोडा हिशेब करू. मी मॅट्रिक शिकलेला माणूस, पण हा हिशेब पाचवीच्या पोरालाही जमेल. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण ज्योतीवर चालवला तर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला दोन घनमीटर. आता जुन्या टाइपच्या क्वार्टरचे न्हाणीघर धरा. चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. झाले एकशे ब्याण्णव घनफूट, म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर. दार बंद, झरोका बंद. दहा मिनिटांत ज्योतीने खोलीतल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक हवेतला प्राणवायू खाल्ला! त्यात घरातली तीन माणसे एकामागून एक अंघोळीला गेली तर तिसऱ्याच्या वाट्याला काय उरले? प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत अर्धवट जळते, आणि अर्धवट जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत तो झोंबत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून बसते. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. नळ बंद करावा, कडी काढावी, हे सुचते पण हात उचलत नाही.

इथे एक गैरसमज आपल्या लोकांत घट्ट बसला आहे. "वास आला असता तर कळले नसते का?" असे म्हणतात. अहो, वास येतो तो सिलिंडरमधून गळणाऱ्या गॅसला, कारण कंपनी त्यात मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळते. तो गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, आणि त्याचा धोका भडक्याचा. कार्बन मोनॉक्साइड हा गळलेला गॅस नव्हेच. गॅस नीट जोडलेला असला, रबरी नळी कोरी असली, रेग्युलेटर नवा असला, तरी तो ज्योतीतच तयार होतो. म्हणून गळती तपासून "सगळे ठीक आहे" म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विसंबून चालत नाही. आय.एस.आय.चा शिक्का हवाच, पाणी तापवण्याच्या गॅसवरच्या गिझरसाठी आय.एस. १५५५८ हे भारतीय मानक आहे. पण तो शिक्का यंत्रावर असतो. तुमच्या न्हाणीघराला शिक्का कोणी मारला?

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्याकडच्या एका वसाहतीत घडलेली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण त्या साथीची नोकरी अजून बरीच बाकी आहे. रात्रीची गस्त संपवून तो घरी आला, अंघोळीला गेला. वीस मिनिटे झाली तरी पाणी वाहतेच आहे, हाक मारली तर ओ नाही. बायकोने शेजाऱ्यांना उठवले, दाराची कडी उचकटली, तर हा भिंतीला टेकून बसलेला. बाहेर ओढून अंगणात आणला म्हणून वाचला. दवाखान्यात पहिल्यांदा कागदावर लिहिले गेले: फिट. कारण त्याचे हातपाय झटके देत होते. गिझरचे कोणी विचारले नाही आणि घाबरलेल्या बायकोला सांगायचे सुचले नाही. आपल्या देशातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नाव देऊन अशा रुग्णांवर लिहिले आहे. फेफरे समजून उपचार चालतात आणि खरे कारण भिंतीवर टांगलेले राहते.

मी दुसऱ्या दिवशी ते न्हाणीघर पाहिले. झरोका होता. पण त्याला आतून पुठ्ठा आणि वरून रेक्झिन ठोकलेले. का ठोकले? तर उरळा-सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काजळी. रायपूरकरांना सांगायला नको. सकाळी फरशीवरून पाय फिरवला तर तळवा काळा होतो, वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी राखी होतो. म्हणून आपल्या घरच्या बाया झरोके बुजवतात, आणि चूक त्यांची नाही. बाहेरचा धूर आत येऊ नये म्हणून झरोका बुजवायचा, आणि मग आतला धूर बाहेर जाणार कुठून? काजळी कारखान्याची, भिंत सरकारची, आणि फुप्फुस कामगाराचे!

आता पुढचे ऐका, कारण मला राग येतो तो इथे. त्या साथीने आदल्या वर्षी अर्ज केला होता. धुराचा पाइप बाहेर काढण्यासाठी न्हाणीघराच्या भिंतीला चार इंची छिद्र पाडून मिळावे, किंवा स्वखर्चाने पाडण्याची परवानगी मिळावी. अर्जाची प्रत युनियनच्या फाइलला आहे. उत्तर तोंडी मिळाले: क्वार्टरच्या बांधकामात फेरफार करता येत नाही, केल्यास नुकसानभरपाई पगारातून कापली जाईल. आणि माणूस मरता मरता वाचल्यावर लेखी कागद आला, तो कसला? क्वार्टरमध्ये विनापरवाना उपकरण का बसवले, याचा खुलासा करावा! परवानगी मागितली तेव्हा कार्यालयाला कागद सापडला नाही, खुलासा मागायला मात्र लगेच सापडला.

अशा वेळी ठरलेली तीन उत्तरे मिळतात. पहिले: हा कामगाराचा निष्काळजीपणा. दुसरे: विजेचा गिझर का वापरत नाही? तिसरे: अशी मागणी आजवर कोणी केली नाही.

निष्काळजीपणाचे उत्तर वर आलेच. जो माणूस अर्ज करून भोक मागतो तो निष्काळजी, आणि जो अर्ज दाबून ठेवतो तो काळजीवाहू, ही कुठली रीत? दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. विजेच्या गिझरला धूर नाही, गुदमरण्याचे भय नाही. नवी वायरिंग असलेल्या क्वार्टरमध्ये तोच बसवावा असे मीही सांगतो. पण वसाहतीतल्या जुन्या क्वार्टरचे बोर्ड साहेबांनी एकदा उघडून पाहावेत. तिथे दोन-तीन किलोवॉटचा गिझर लावला की बटण तापते, वायरीचा वास सुटतो आणि अख्ख्या ब्लॉकचा फ्यूज उडतो. अर्थिंगची तार कुठे आहे तर कुठे नुसती लोंबते आहे. पाण्यात उभ्या माणसाला धुराऐवजी शॉक द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. विजेचा गिझर सांगायचा तर आधी वायरिंग बदला, अर्थिंग करा, लोड मंजूर करा. मग आम्हीच गॅसचे गिझर उतरवतो.

तिसऱ्या उत्तरावर एवढेच म्हणतो, की ही मागणी आता आम्ही करत आहोत.

आणि ती उपकार म्हणून करत नाही. क्वार्टर फुकट मिळते असे बाहेरच्यांना वाटते. रायपूर हे 'वाय' वर्गाचे शहर. सातव्या वेतन आयोगाच्या दरांत, महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यानंतर १ जानेवारी २०२४ पासून, इथला घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या वीस टक्के झाला. तीस हजार मूळ वेतनाचा कामगार क्वार्टरमध्ये राहतो म्हणून महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार रुपयांवर पाणी सोडतो, आणि वर लायसन्स फी भरतो ती निराळीच. बहात्तर हजार भाडे घेणारा घरमालक एक भोक पाडून देणार नाही? तात्यापाऱ्यातला खाजगी घरमालक एवढा कंजूष निघाला असता तर भाडेकरू दुसऱ्या महिन्यात घर सोडून गेला असता.

घरमालकाची जबाबदारी म्हणजे काय, ते इतरत्र कायद्याने ठरलेले आहे. ब्रिटनमध्ये थंडीमुळे घरोघर पाणी आणि खोल्या तापवायला बॉयलर असतो. १९९८ च्या तिथल्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे भाड्याच्या घरातली मालकाची गॅसची उपकरणे आणि त्यांचे धुराचे मार्ग दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत कारागिराकडून तपासून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे, आणि त्याचा दाखला भाडेकरूच्या हाती द्यावा लागतो. न्हाणीघरात नवे उपकरण बसवायचेच असेल तर फक्त असे, ज्याच्या ज्योतीचा खोलीतल्या हवेशी संबंध येत नाही. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. अशा बॉयलरला भिंतीतून बाहेर जाणाऱ्या दोन वाटा असतात. एकीतून बाहेरची ताजी हवा थेट ज्योतीपर्यंत येते, दुसरीतून धूर थेट बाहेर जातो. कुठे दोन वेगळे पाइप, कुठे नळीत नळी: आतल्या नळीतून धूर, भोवतालच्या पोकळीतून हवा. दोन पाइप असतील तर हवेचे तोंड धुराच्या तोंडापासून दूर ठेवतात, नाहीतर बाहेर टाकलेला धूरच पुन्हा आत ओढला जायचा. हा आपल्या बंबाचाच नातू, फक्त परदेशात शिकून आलेला.

अहो, परदेशाचे सोडा. आमच्या रायपूरच्या डिझेल शेडमध्ये जा. इंजिनाच्या हवेच्या फिल्टरचे शेड्यूल असते. फिल्टर चोक झाला की इंजिन काळा धूर ओकते, ताकद घटते, मग सुपरवायझरची झाडाझडती होते. हवा आत नीट आली पाहिजे आणि धूर बाहेर नीट गेला पाहिजे, हे प्रशासनाला उत्तम कळते. मात्र इंजिनाच्या बाबतीत. ते इंजिन चालवणारा माणूस घरी जिथे अंघोळ करतो, त्या खोलीचे शेड्यूल कोणत्या रजिस्टरला आहे?

आता आपल्या माणसांना चार शब्द, आणि ते गोड नाहीत. "दहा वर्षे वापरतोय, काही झाले नाही," हे मी प्रत्येक घरात ऐकले. सिग्नल पाहिल्याशिवाय दहा वेळा गाडी पुढे काढली आणि काही झाले नाही, म्हणून अकराव्यांदा काढणार का? धुराला लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही, हा नियम घरीही पाळा. मागणी मंजूर होईतो करता येण्यासारखे एक काम आहे आणि त्याला भिंत फोडावी लागत नाही. गिझर न्हाणीघरातून काढा आणि मागच्या उघड्या अंगणात किंवा मोकळ्या पडवीत टांगा. सिलिंडरही तिथेच. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या. पडवी पत्रे आणि प्लॅस्टिकने चारी बाजूंनी बंद केली असेल तर ती पडवी राहिली नाही, दुसरे न्हाणीघर झाले, हे ध्यानात ठेवा. आणि गिझर बाहेर टांगला तरी तो शेजाऱ्याच्या खिडकीखाली येणार नाही असे पाहा.

जिथे गिझर भिंतीच्या आडच बसवावा लागतो तिथे धुराचा पाइप कसा असावा, हे वर्क्सच्या माणसांनाही सांगावे लागते म्हणून लिहितो. पाइप धातूचा हवा. पी.व्ही.सी.चा तुकडा जोडून वेळ मारून नेणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. कढत धुराने तो मऊ पडतो, वाकतो, सांधा सुटतो. गिझरच्या डोक्यावरच्या तोंडाचा जो व्यास तोच शेवटपर्यंत, मध्येच बारीक पाइप घालायचा नाही. जो धूर आपल्या आपण वर चढतो, त्याचा पाइप गिझरपासून आधी सरळ वर जाऊ द्यावा, मग बाहेर वळवावा, आणि आडवा भागही बाहेरच्या दिशेने चढता ठेवावा. वळणे जितकी कमी तितके बरे. पंख्याने धूर ढकलणारा गिझर असेल तर उलट, पाइपाला बाहेरच्या बाजूस थोडा उतार, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. बाहेरच्या तोंडाला टोपी आणि जाळी हवी, नाहीतर चिमण्या-साळुंक्या घरटे करतात आणि ऑक्टोबरात बसवलेला पाइप डिसेंबरात तुंबलेला असतो. सांधे पट्टीने घट्ट करा, आणि भिंतीतल्या भोकाभोवतीची फट बुजवा. आणि एवढे करून झरोका बुजवलेला ठेवला तर सगळे फुकट. धूर जायला वाट दिली, हवा यायला नाही दिली, तर पाइप ओढणार काय?

एक्झॉस्ट फॅनबद्दल तर पुष्कळांचा घोळ आहे. फॅन लावला म्हणजे झाले, असे समजतात. दार-खिडकी बंद असताना फॅन खोलीतली हवा बाहेर फेकतो, मग बदली हवा कुठून येणार? जी वाट उघडी सापडेल तिथून. ती वाट धुराच्या पाइपाची असेल तर वर चाललेला धूर उलटा फिरून आत येतो. दाराच्या तळाशी मोकळी जाळी असल्याशिवाय फॅनचा भरवसा धरू नका. ज्योत निळी असावी. पिवळी, लांब, थरथरणारी ज्योत दिसली किंवा गिझरच्या कपाळावर काजळी धरली, की त्या दिवसापासून तो बंद.

आणि कोणी आत कोसळलाच तर दार फोडा, नळ बंद करा म्हणजे ज्योत विझेल, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला पहिले वाक्य सांगा: "गॅस गिझर चालू होता." बोटाला लावायची ऑक्सिजनची चिमटी कोरोनाच्या काळापासून घरोघर आहे. तिच्यावर या बाबतीत विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड भरलेले रक्त त्या चिमटीला प्राणवायू भरलेले वाटते आणि आकडा उत्तम दाखवते.

हाच नियम सिगडीला. कोळशाच्या या मुलुखात सिगडी पेटवायला वेळ लागत नाही. गेट लॉजमध्ये, गँगच्या खोपटात, रात्रपाळीला धग हवी असते. निखारे लाल झाले, धूर दिसेनासा झाला, की सिगडी आत घेऊन दार लावतात. धूर दिसत नाही तेव्हाच ती जास्त फसवते. निखाऱ्यांतून तोच वायू निघत राहतो. सिगडी दाराबाहेर, आणि गेट लॉजला गरम राहण्याची दुसरी सोय देणे हे प्रशासनाचे काम.

टपाल खात्यातल्या साथींना वाटेल की हे रेल्वेचे रडगाणे. तसे नाही. छोट्या गावात पोस्टाच्या मागेच पोस्टमास्तरचे बिऱ्हाड असते, तिथले न्हाणीघर आमच्याहून मोठे नाही. कित्येक पोस्ट ऑफिसे भाड्याच्या जागेत. तिथे तर घरमालक खात्याकडे बोट दाखवतो आणि खाते घरमालकाकडे, आणि मधल्या मधे पोस्टमास्तर स्वखर्चाने गिझर टांगतो.

तर मागणी अशी. एक, प्रत्येक क्वार्टरच्या न्हाणीघराबाहेर गिझर टांगण्याची जागा आणि त्यातून आत येणारा गरम पाण्याचा पाइप वर्क्स शाखेने करून द्यावा. जिथे बाहेर जागाच नाही तिथे धुरासाठी भोक, धातूचा पाइप आणि हवेसाठी खाली-वर जाळ्या. दोन, जो कामगार हे स्वखर्चाने करू इच्छितो त्याला पंधरा दिवसांत लेखी परवानगी मिळावी आणि भोकापायी एक पैसाही कापला जाऊ नये. तीन, वसाहतीची वायरिंग बदलण्याचा कार्यक्रम तारखांसह जाहीर व्हावा. चार, दर वर्षी दिवाळीपूर्वी न्हाणीघरांची तपासणी व्हावी आणि तिच्यावर कामगाराची सही असावी. १९५२ पासून चालत आलेल्या पी.एन.एम.च्या टेबलावर येत्या बैठकीत आमच्या शाखेकडून हा विषय जात आहे. टोलवाटोलवी होईल, 'निधीअभावी' हा शब्द येईल, हे आम्ही धरून चाललो आहोत. म्हणून हातात आकडे हवेत, आणि ते आपणच गोळा करायचे.

शाखेने एक साधा फॉर्म काढला आहे. त्यात क्वार्टर नंबर, न्हाणीघराची लांबी-रुंदी-उंची, झरोका उघडा की बुजवलेला, गिझर आत की बाहेर, धुराचा पाइप आहे की नाही, बोर्डाला अर्थिंग आहे की नाही, आणि यापूर्वी अर्ज केला असल्यास त्याची तारीख, एवढेच भरायचे आहे. टेप घरात नसेल तर वितीने मोजा आणि तसे लिहा. फॉर्म रविवारी सकाळी दहा ते बारा शाखेच्या कार्यालयात आणून द्यावेत. ड्युटीमुळे जमत नसेल तर घरच्या बाईंनी किंवा मुलांनी आणले तरी चालतील. पूर्वीच्या अर्जाची प्रत असेल तर ती सोबत जोडा, ती सर्वांत मोलाची. टपाल खात्यातील साथींनी हेच फॉर्म आपापल्या शाखेत भरावेत, दोन्हींचा एकत्र तक्ता करून फेडरेशनकडे पाठवण्याची जबाबदारी मी घेतली आहे.